वाढदिवसाला कुठं जेवायचं, विचारलंत म्हणून

ताई, तुमचा प्रश्न साधा आहे. ऑगस्टमध्ये ठाण्याहून टोरोंटोला राहायला येताय, सप्टेंबरात मुलाला पंधरा पूर्ण होतायत, त्याला खाण्यात सतत काहीतरी नवीन हवं असतं, बरोबर सासूबाई आहेत, तर एखादं रेस्टॉरंट सुचवा. दोन ओळींत सांगून झोपायला हवं होतं. साडेअकरा वाजलेत आणि मी अजून टाइप करतोय.

आधी उत्तर. सबवेची दोन नंबरची लाइन पकडून ग्रीनवूडला उतरा. तिथून डॅनफोर्थ रस्त्यावर पूर्वेकडे चालत गेलात की इथिओपियन जेवणाच्या जागा लागतात. ताटाएवढी इंजेरा येते, टेफ नावाच्या बारीक धान्याचं पीठ आंबवून केलेली. दिसायला जाळीदार आंबोळी, चवीला आंबोळीपेक्षा बरीच आंबट. तिच्यावरच सगळ्या भाज्या-आमट्या वाढतात आणि सगळ्यांनी एकाच ताटातून हाताने खायचं. सासूबाई शाकाहारी असतील तर 'फास्टिंग' म्हणून सांगा. त्यांच्यातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवार-शुक्रवार उपास धरतात, त्यात मांस, अंडी, दूध-तूप काही चालत नाही, त्यामुळे तसलं ताट, बेयायनेतू, बहुतेक ठिकाणी मिळतं. कांदा-लसूण चालत नसेल तर मात्र हा बेत सोडा, सगळ्याची सुरुवातच कांद्यापासून आहे. बिलावर १३ टक्के कर वेगळा लागतो आणि टिपचं मशीन समोर धरतात तेव्हा पंधराचं बटण शोधावं लागतं.

आम्ही पहिल्या वर्षी मुलीच्या वाढदिवसाला तिथं गेलो नव्हतो. मी हट्टाने एका भारतीय हॉटेलात टेबल घेतलं होतं. पनीर, नान, भिंतीवर मोर. मुलीला बटर चिकनचं काय कौतुक असणार, डोंबिवलीत स्टेशनबाहेर मिळायचं! मलाच आठवण येत होती, तिच्या नावावर भागवून घेतली. वर गंमत अशी, की बुकिंग माझ्या नावाने होतं, म्हणून शेवटी गुलाबजामची ताटली आली तिच्यावर चॉकलेटने 'हॅपी बर्थडे' आणि पुढे माझं नाव. मी हसलो. ती म्हणाली, "शाळेत पण मला तुझ्याच नावाने हाक मारतात."

हे काय ते सांगतो, कारण तुमचंही होणार आहे. आपल्या पासपोर्टवर मुलाचं आणि बापाचं नाव एकाच रकान्यात शेजारी-शेजारी असतं. इथल्या कागदांना ती मुलाचीच दोन नावं वाटतात. शाळेच्या यादीत, हेल्थ कार्डावर, डेंटिस्टकडे, सगळीकडे. एका शिक्षकाने तर यादीतलं दुसरंच नाव उचललं आणि सहा महिने तेच चालवलं. मी तीन फॉर्म भरले, एका खिडकीवरून दुसरीकडे गेलो, "पासपोर्ट बदलून आणा" असं शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी तिनेच वर्गात उभं राहून सांगितलं म्हणे. आम्हाला नंतर कळलं.

आणि ते ईएसएल, म्हणजे इंग्रजी कच्चं असलेल्या मुलांचे वेगळे वर्ग. व्हिसा, बँक, घरभाडं यांचं तुम्हाला सगळीकडे वाचायला मिळेल, ते मी सांगत नाही. पण मुलाची इंग्रजीची चाचणी उतरल्याच्या आठवड्यात देऊ नका. आमची तिसऱ्या दिवशी होती. आठ वर्षं इंग्रजी माध्यमात काढलेली पोरगी झोपेने पेंगत होती, बाईंनी चित्र दाखवून बोलायला सांगितलं तर एकेका शब्दात उत्तरं दिली. ईएसएलच्या वर्गात टाकली. मला वाटलं, शाळेला आपल्यापेक्षा जास्त कळत असेल. कागदावर सही माझी आहे. वर्षभर ती आपल्याला येत असलेलं पुन्हा शिकत बसली. तुमचा मुलगा दहावीत बसेल, इयत्ता जन्मवर्षावरून ठरते, आणि साक्षरतेची, म्हणजे इंग्रजी वाचन-लेखनाची, परीक्षा दहावीतच असते, तेव्हा जपा. विचारा, वाद घाला, सही घरी आणून करा.

एकटेपणा येतो का, हेही विचारलंत. येतो. डिसेंबरात पावणेपाचला अंधार पडतो तेव्हा जरा जास्त. सवय होते.

तर जेवण. देश, शाळा, वर्ग, घर, सगळं आम्ही ठरवलं होतं, तिच्या हातात फक्त मेन्यूकार्ड होतं. म्हणून ती कोंबडीचे पाय खायची, शहराच्या पूर्वेला स्कारबरोत तव्यावर पात्यांचा खडखडाट करत बनवलेला कोत्तू, श्रीलंकेचा रोटीचा चुरा, खायची, आणि आम्ही पाहुण्यांना कौतुकाने सांगायचो, आमची फार धाडसी हो! तिसऱ्या वर्षी, सोळाव्याला, फोन तिने केला. डॅनफोर्थ तिने शोधलं.

आई तेव्हा इथे होती. शिरो म्हटल्यावर ती गोडाची वाट बघत बसली. आलं ते बेसनासारख्या पिठाचं, घट्ट, लालसर. एक घास खाऊन म्हणाली, "पिठलंच आहे की. हिंग विसरलेत." मग इंजेराचा तुकडा त्यात बुडवून सरळ नातीच्या तोंडात. वाढणाऱ्या बाई हसून म्हणाल्या, याला आम्ही गुर्शा म्हणतो, मानाने भरवलेला घास. आईला वाटलं, काहीतरी चुकलं.

मुलीचं बोट मात्र मेन्यूवर किटफोपाशी थांबलेलं. कच्च्या गोमांसाचा खिमा, मसाल्याच्या तुपात कालवलेला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी हळूच म्हटलं, "आजी आहे ना समोर." तिने काही न बोलता डोरो वोट मागवलं, कोंबडी आणि उकडलेलं अंडं. घरी येताना सबवेत, आजीला डुलकी लागल्यावर, म्हणाली, "मी खाल्लंय ते. मैत्रिणीबरोबर, मागेच."

मी काय बोललो ते आता आठवत नाही. बहुतेक स्टेशन आलं म्हणालो असेन.

तेव्हा सासूबाई बरोबर असतील तर हा विषय मुलाशी आधीच घरी बोलून घ्या, टेबलावर नको. सोमवारी बऱ्याच जागा बंद असतात, तारीख बघा. आणि बुकिंग मुलाच्या नावाने करा. मधलं नाव सांगू नका.