झोपण्यापूर्वी कलाकार स्त्रिया काय करतात? त्यांना कल्पना सुचतात कुठून?

प्रत्येकीची रीत वेगळी, पण शिल्पकार लुईज बूर्ज्वा यांची मला सगळ्यात भावते. त्यांना झोपच लागायची नाही, अनेक वर्षांचा निद्रानाश. मग नोव्हेंबर १९९४ ते जून १९९५ या काळात, ऐंशी उलटल्यावर, त्या न्यूयॉर्कच्या घरी रात्री चित्रं काढत राहिल्या. कागद कसलाही चालायचा, अगदी संगीताच्या नोटेशनसाठी रेघा छापलेलासुद्धा. बरेचदा लाल शाई. गोल गिरवायचे, लाटांसारख्या रेघा ओढायच्या, मधूनच काहीतरी लिहायचं. अशी २२० चित्रं झाली. या वयात ही चिकाटी! मला तर थक्क व्हायला होतं.

प्रेरणा मात्र बालपणातली. फ्रान्समध्ये बिएव्र नदीकाठी त्यांच्या आईवडिलांचा जुन्या टॅपेस्ट्री, म्हणजे चित्रं विणलेले भिंतीवरचे पडदे, दुरुस्त करण्याचा कारखाना होता. सुई-दोरा घेऊन फाटकं सांधणारी आई त्यांच्या मनातून कधी गेली नाही. १९९९ मधलं त्यांचं आठ पायांच्या कोळ्याचं नऊ मीटरहून उंच शिल्प म्हणजे ती आईच.

तुम्हालाही झोप येत नसेल तर मोबाइल लांब ठेवा, उशाशी वही आणि पेन असू द्या. चित्र चांगलं यायलाच हवं असं काही नाही, नुसत्या रेघा ओढल्या तरी चालेल.