समोर काळे चौकोन, आणि बोलायचं कुणाशी?

"मॅडम, मला आता माल विकता येत नाही." खुर्चीत नीट बसायच्या आधीच ते म्हणाले. वय ५१. त्यातली २६ वर्षं साखर कारखान्यांना पंप विकण्यात गेलेली. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, नगर असा सगळा पट्टा पायाखालचा. घरची धाकटी भावंडं त्यांना दादा म्हणतात, इथे मीही तेच म्हणते. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

विक्रीत मुरलेली पन्नाशीच्या आसपासची माणसं गेल्या काही वर्षांत हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात. समोरासमोर बसलो तर मी कुणाशीही बोलतो, मग टीम्सवर (मायक्रोसॉफ्टच्या व्हिडिओ मीटिंगच्या ॲपवर) मीटिंग लागली की माझी जीभ का अडखळते? माझे दिवस संपले का?

दादांची जुनी पद्धत त्यांच्याच शब्दांत सांगण्यासारखी होती. कारखान्याच्या गेटवर नाव लिहायचं, ऑफिसात न जाता आधी मिल हाऊसकडे, म्हणजे ऊस गाळतात तिकडे, वळायचं. चालू पंपाजवळ दोन मिनिटं उभं राहायचं. "आवाजावरून कळतं, बेअरिंग गेलंय की सक्शनला (पंप जिथून ओढतो तिथे) हवा धरतोय. मग चीफ इंजिनिअरच्या टेबलावर चहा येईपर्यंत मी त्यांना त्यांचंच दुखणं सांगितलेलं असायचं." गळीत हंगाम सरला की ऑफ-सीझनमध्ये दुरुस्त्या आणि खरेदी निघते. त्या चार-पाच महिन्यांत ते घरी कमी आणि एसटीत, लॉजवर जास्त असत.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि हे थांबलं. नंतर रस्ते उघडले, पण कंपनीने प्रवासाचा खर्च परत पहिल्यासारखा मंजूर केला नाही. आता पहिली भेट, तांत्रिक चर्चा, खरेदी समितीपुढचं सादरीकरण, सगळं टीम्सवर. दादांच्या पडद्यावर सहा चौकोन, त्यातले पाच काळे, नुसती नावाची आद्याक्षरं. ते बोलत राहतात, पलीकडे शांतता. त्या शांततेत त्यांना धडधडायला लागतं.

धडधड म्हटल्यावर मी आधी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. या वयात छातीची तक्रार थेट मनाच्या खात्यावर टाकू नये, हा माझा नेम आहे. ईसीजी आणि बाकी तपासण्या ठीक आल्यावरच आम्ही पुढे गेलो.

दुसऱ्या भेटीत मी विचारलं, "शांतता पडली की तुमच्या मनात नेमकं काय येतं?" ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "की यांना कळलंय, हा माणूस जुना झाला." आणि मग काय करता? "आणखी बोलतो. पुढची स्लाइड लावतो." त्यांच्या सादरीकरणात १९ स्लाइड होत्या. प्रत्यक्ष भेटीत त्यांनी आयुष्यात कधी स्लाइड दाखवली नव्हती.

या शांततेबद्दल मी त्यांना जे सांगितलं ते इथेही सांगते, कारण हे माहीत नसल्यामुळे फार माणसं स्वतःला दोष देत बसतात. गप्पांमध्ये एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा भाग लागतो. आपले कान त्या लयीला जन्मापासून सरावलेले असतात. व्हिडिओवर आवाज पोचायलाच थोडा उशीर होतो, समोरच्याला म्यूट काढायचं बटण शोधावं लागतं. कारखान्यात तर एका लॅपटॉपभोवती पाच-सहा जण बसतात आणि म्यूट करून आपसांत बोलतात. सहा-सात सेकंद जाणारच. समोरासमोर एवढा खंड पडला तर तो नाराजीचा असू शकतो, पडद्यावर बहुतेकदा तो बटणाचा असतो.

दादांनी मान हलवली, पण त्यांना पटलं नव्हतं. नुसतं सांगून भीती जात नाही.

डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ साली लोकांपुढे वाटणाऱ्या भीतीची एक मांडणी केली. मला ती रोज उपयोगी पडते. भ्यालेल्या माणसाचं लक्ष समोरच्यावरून उडून स्वतःवर येतं. मी कसा दिसतोय, आवाज कापतोय का, हेच तो पाहत राहतो. आणि भीती टाळायला जे करतो (दादांचं न थांबता बोलणं), तेच त्याला अडचणीत टाकतं. त्यात व्हिडिओ मीटिंगमध्ये आपलाच चेहरा तासभर आरशासारखा समोर असतो. दादा मीटिंगमध्ये कुठे पाहत होते? "खरं सांगू? माझ्याकडेच. केस किती गेलेत ते."

याच मांडणीतून आलेला एक उपाय आम्ही केला. ग्राहकाच्या मीटिंगचं रेकॉर्डिंग समुपदेशकाला दाखवणं योग्य नाही, म्हणून घरच्या घरी सराव ठेवला. इंजिनिअरिंगला असलेली मुलगी दुसऱ्या खोलीतून खरेदी अधिकारी झाली. १५ मिनिटांची मीटिंग रेकॉर्ड केली. रेकॉर्डिंग बघायच्या आधी मी दादांना लिहायला लावलं, काय दिसेल? त्यांनी लिहिलं: घाम, दहापैकी ८. आवाजाची थरथर, ८. बावळट दिसणं, ९.

मग माझ्या खोलीत आम्ही दोघांनी ते पाहिलं. घाम दिसतच नव्हता. थरथरीला त्यांनी स्वतःच २ गुण दिले. मला वाटलं होतं, त्या दिवसाचं काम एवढंच. पण चौथ्या मिनिटाला दादांनी हात वर केला. "थांबा, मागे घ्या." मुलगी काहीतरी विचारायला तोंड उघडत होती आणि हे बोलतच होते. नवव्या मिनिटाला पुन्हा तेच. "ती दोनदा विचारायला आली मॅडम, आणि मी बघितलंच नाही." त्यांचे डोळे भरून आले. मीटिंगचं त्यांना फारसं काही वाटलं नव्हतं, लेकीकडे आपलं लक्ष नव्हतं हे लागलं होतं. त्या दिवशी आम्ही पंपांविषयी पुढे एक शब्द बोललो नाही.

त्यानंतरचे बदल साधे होते. टीम्समध्ये स्वतःचा चौकोन फक्त स्वतःपुरता लपवता येतो, तो लपवला. १९ स्लाइडच्या ४ केल्या. प्रत्येक स्लाइडनंतर नाव घेऊन एक प्रश्न विचारायचा आणि मनात दहापर्यंत आकडे मोजायचे. पहिल्यांदा ते सहावर फुटले, बोलून गेले. दुसऱ्यांदा आठवर चीफ इंजिनिअरांचा आवाज आला, "हां, ऐकू येतंय का?"

हिरव्या ठिपक्याचं दुखणं वेगळंच होतं. संगणकाला पाच मिनिटं हात लागला नाही की टीम्सवर आपल्या नावाजवळचा हिरवा ठिपका पिवळा होतो. दादा जेवतानाही मधूनमधून उठून माउस हलवून येत. वरिष्ठ त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान, ते बघत असतील ही धास्ती. मी एवढंच सुचवलं की विचारून टाका. त्यांनी वरिष्ठांना सांगितलं, १० ते १२ मी ग्राहकांना फोन करतो, तेव्हा पिवळा दिसेन. तसा स्टेटस मेसेजही लावला. वरिष्ठ म्हणाले, बरं. आठ महिन्यांची धास्ती एका शब्दात निकाली निघाली. सगळ्यांचे वरिष्ठ असे नसतात हे मला ठाऊक आहे, काही जण खरंच ठिपके मोजतात आणि अशा ठिकाणी सल्ला वेगळा द्यावा लागतो.

जानेवारीत, ऐन हंगामात, त्यांनी जे केलं ते मला सुचलं नसतं. एका कारखान्याच्या मीटिंगमध्ये इंजेक्शन पंप (थंड करायचं पाणी पुरवणारा) थरथरतोय असा विषय निघाला. दादा म्हणाले, मोबाइलवरून मीटिंगला या आणि फोन पंपाजवळ न्या. फिटर फोन घेऊन गेला. पंप दिसत होता, आवाज मात्र जवळजवळ येतच नव्हता. टीम्स आजूबाजूचा गोंगाट गाळून माणसाचा आवाज तेवढा पुढे पाठवतं. दादांनी आयुष्यभर ज्यावरून निदान केलं तोच आवाज गाळला जात होता! हे मला सांगताना ते टेबलावर हात आपटून म्हणाले, "म्हणजे माझे कान गेले नव्हते मॅडम. आवाजच येत नव्हता."

मी हे वाक्य वहीत लिहून ठेवलं. मी इतके आठवडे त्यांच्या विचारांवर काम करत होते आणि ते योग्यच होतं. तरी त्यांच्या भीतीत एक साधी खरी गोष्ट होती. गेटपासून टेबलापर्यंत चालताना त्यांना आपसूक मिळणारी सगळी माहिती बंद झाली होती, आणि ती आता तोंडाने मागावी लागणार होती. हे मी आधी विचारायला हवं होतं.

त्यांनी फिटरला व्हॉट्सअ‍ॅपवर पंपाचा व्हिडिओ पाठवायला सांगितला, तो तिथल्या तिथे हेडफोन लावून तीनदा ऐकला आणि म्हणाले, "सक्शनची जाळी साफ करा, आधी तेच बघा. नवा पंप आत्ता नको." पाचही काळे चौकोन एकामागून एक उघडले.

शेवटच्या भेटीला ते मार्चमध्ये आले. उन्हाळ्यातल्या खरेदीची बोलणी सुरू झाली होती आणि त्याच कारखान्याची मोठी ऑर्डर दुसऱ्या कंपनीला गेली होती, दर कमी म्हणून. मी जरा जपूनच विचारलं, कसं वाटलं? म्हणाले, "मीटिंगमध्येच विचारलं मी, साहेब, आम्ही कितीला मागे पडलो? आणि गप्प बसलो. नऊ मोजले. मग त्यांनी आकडा सांगितला, वर म्हणाले, मोलॅसिसच्या (मळीच्या) पंपाचं जूनमध्ये बघू, तेव्हा प्रत्यक्ष या."

मग पिशवीतून त्यांनी गुळाची ढेप काढून माझ्या टेबलावर ठेवली. लेकीने पाठवली होती.