'ताई' अशी हाक आली की ओ दे

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. साडेतीन पानं मुलांबद्दल आणि अर्धं पान स्वतःबद्दल. ते अर्धं पान मी तीनदा वाचलं. बालगृहातली मुलं 'ताई' म्हणून हाक मारतात तेव्हा मागे वळून बघावंसं वाटतं, खरी ताई कुणी मागे उभी आहे का, असं तू लिहिलंस. वय 24, माझंच मला धड उमगत नाही, आणि रात्री अकराला नऊ वर्षांचा पोरगा रडत उठतो तेव्हा मी त्याला छातीठोकपणे सांगते की सगळं ठीक होईल. हे फसवणं नाही का सर, असं विचारलंस.

आणि तळाशी, जाता जाता लिहावं तसं एक वाक्य: 'वेळ मिळाला तर फ्रीरेन बघा. त्यातले हायटर बघताना तुमची आठवण येते.'

वेळ आता भरपूर आहे. पुतण्याने ती जपानी कार्टून मालिका टीव्हीवर लावून दिली. जपानी कानावर पडायचं आणि खालची अक्षरं वाचायची. पहिल्या दिवशी डोळे चुरचुरले, मग सवय झाली. पहिल्या पर्वाचे 28 भाग पाहिले, त्यातला दुसरा चार वेळा. तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या म्हाताऱ्या हायटरच्याच आधाराने द्यावं असं वाटतंय. बालगृहात 31 वर्षं काढून मला जे कुणाला नीट सांगता आलं नाही, ते त्याच्या दोन-तीन प्रसंगांत उघडं पडलेलं आहे.

तुला सगळं ठाऊकच आहे, पण मला कसं दिसलं ते सांगतो.

गोष्ट फ्रीरेनची, हजार वर्षं जगलेल्या जादूगारणीची. हिम्मेल, आयझेन, ती आणि हायटर, अशा चौघांनी दहा वर्षं वणवण करून दैत्यराजाला संपवलं. त्या दहा वर्षांतला हायटर कसा? धर्मगुरू, पण सकाळी उठायचा तो आदल्या रात्रीची दारू डोक्यात घेऊनच. फ्रीरेन त्याला 'नामागुसा बोझू' म्हणते. बोझू म्हणजे भिक्षू आणि नामागुसा म्हणजे कच्च्या मासळीचा वास मारणारा. ज्याने सामिष सोडायचं त्याच्याच अंगाला वास, असा तो जपानी टोमणा. पुढे ज्याच्या पदरात एक अनाथ पोर पडणार आहे, तो माणूस हा.

लेखक यामादा कानेहितो आणि चित्रकार आबे त्सुकासा यांच्या या गोष्टीत नावं जर्मन शब्दांची आहेत. हिम्मेल म्हणजे आकाश, स्वर्गसुद्धा. त्या अनाथ पोरीचं नाव फेर्न, म्हणजे दूर. हायटर म्हणजे प्रसन्न. पहिल्या खेपेला मला ते नाव नुसतं शोभेचं वाटलं. चौथ्या खेपेला लक्षात आलं, की ती प्रसन्नता तो सदरा चढवावा तशी अंगात चढवतोय.

आता तो कड्यावरचा प्रसंग आठव. दक्षिणेकडच्या युद्धात आईबाप गेलेली फेर्न कड्याच्या टोकाशी उभी आहे. एवढीशी पोर. मागून हायटर येतो. तो धावत नाही, ओरडत नाही, हात धरून ओढत नाही. थोड्या अंतरावर थांबतो आणि बोलायला लागतो, तेही स्वतःच्या गेलेल्या मित्राबद्दल. हिम्मेल माझ्याहून किती सरळ होता, मी गेलो असतो आणि तो उरला असता तर त्याने कितीजणांना वाचवलं असतं, अशा अर्थाचं. आणि मग सांगतो की मी मेलो तर त्याच्याकडून शिकलेलं धैर्य, त्याच्या आठवणी, सगळंच जगातून जाईल, म्हणून मी राहिलो. तुझ्याजवळही अशा जपण्यासारख्या आठवणी असतील तर मरणं वाया जाण्यासारखं आहे.

मी हे पाहताना टीव्ही थांबवला आणि उठून पाणी प्यालो. आपल्याकडे नवीन मूल आलं की आपण काय करतो? बालकल्याण समितीचा आदेश फायलीला लावतो, साबण-टॉवेल देतो, पलंग दाखवतो, आणि लगेच म्हणतो, 'घाबरू नकोस, हे तुझंच घर आहे.' त्या मुलाला ठाऊक असतं की ते त्याचं घर नाही. हायटर असं काही म्हणत नाही. तो त्या पोरीचं दुःख पुसायला जात नाही, तिच्याजवळ जे उरलंय ते मोलाचं आहे एवढंच सांगतो. तुझ्याकडे पुढच्या वेळी कुणी नवीन आलं, की पहिल्या रात्री त्याला त्याच्या घरातल्या एखाद्या गोष्टीबद्दल विचार. आई भाजीत काय घालायची, कुत्र्याचं नाव काय होतं, असं. रडेल. रडू दे. तिथेच बसून राहा.

आता तुझा मूळ प्रश्न.

पुढच्या एका भागातली ती आठवण. रात्रीची वेळ, फेर्न झोपलेली, हायटर आणि फ्रीरेन बोलत बसलेत. तो कबूल करतो की माझं मन लहानपणीच्या मनाहून फारसं बदललेलं नाही. मोठा माणूस कसा असावा त्याचं एक चित्र डोळ्यांपुढे ठेवलं आणि तसं वागत आलो, त्याचेच थर साचले, आणि मरेपर्यंत हेच सोंग चालू राहील. का? कारण मुलांना टेकायला मोठं माणूस लागतं. फेर्न सतत धडपडत असते, तिला भरपूर शाबासकी द्यावी, तिच्या पाठीशी राहावं, तिला सरळ वाटेने जगू द्यावं.

हे बोलतोय तो दैत्यराजाला हरवून आलेला, राज्यभर मान असलेला, पांढऱ्या केसांचा धर्मगुरू. त्याच्याही आत मोठं माणूस कुणी येऊन बसलेलं नव्हतं. माझ्याही आत बसलं नाही, मुली. मी 58 व्या वर्षी निवृत्त झालो त्या दिवशीसुद्धा, सगळी मुलं रांगेत उभी असताना, मी वाट बघत होतो की आता कुणीतरी मोठं येईल आणि चार शब्द बोलेल. मग मीच बोललो.

फसवणूक कशाला म्हणायचं? आपल्या सोयीसाठी दुसऱ्याला खोटं सांगणं, ती फसवणूक. तू रात्री अकराला आपली झोप मोडून त्या पोराजवळ बसतेस आणि आवाज कापू देत नाहीस, यात तुझी कसली सोय? हे सोंग तुला महाग पडतं. ज्याची किंमत आपण मोजतो ते सोंग मला खोटं वाटत नाही. 'ताई' अशी हाक आली की मागे बघू नकोस, ओ दे.

त्या प्रसंगात पुढे एक बारीकशी गोष्ट आहे, ती तुझ्या नजरेतून सुटली असेल असं वाटतं, कारण तुझ्या वयात माझ्याही नजरेतून सुटली असती. फेर्नला शाबासकी हायटर देतो. हायटरला कोण देणार? फ्रीरेन त्याचं कौतुक करायला पुढे होते, डोकं कुरवाळू का असं विचारते. हजार वर्षांची ती, तिच्या हिशेबात हा म्हातारा कालचं पोर. तुला अशी कुणीतरी हवी. घरची चालेल, मैत्रीण चालेल, मी तर आहेच. आठवड्यातून एकदा कुणाजवळ तरी ते सोंग उतरवून ठेव. न उतरवता वर्षानुवर्षं वागणारी माणसं मी पाहिली आहेत. मुलांवर त्यांचा हात उठायला लागतो.

कामाचं सांगतो आता.

हायटरला आपले दिवस भरत आल्याचं कळलेलं असतं. फेर्नला फ्रीरेनने शिष्या म्हणून न्यावं ही त्याची इच्छा. फ्रीरेन नाही म्हणते, कच्च्या पोरीला वाटेवर घेऊन जाणं धोक्याचं आहे म्हणून. तो वाद घालत नाही. एक जुना सांकेतिक ग्रंथ पुढे ठेवतो, यात अमरत्वाची विद्या आहे म्हणतात, उकलून दे, आणि अधूनमधून पोरीला चार गोष्टी शिकव. त्यात वर्षं जातात. पोर रोज दरीच्या काठाशी उभी राहून पलीकडच्या मोठ्या खडकावर जादूचा मारा करत राहते. एके दिवशी खडक फुटतो. तोवर हायटरने अंथरूण धरलेलं. ग्रंथात अमरत्व नव्हतंच, आणि ते त्याला नकोही होतं. त्याला हवा होता तो पोरीला पायावर उभं राहायला लागणारा वेळ.

त्या खडकाकडे बघताना मला आपला कायदा आठवला. 2015 च्या बाल न्याय कायद्यात अठरा पूर्ण झाली की मूल 'मूल' राहत नाही. पुढे 21 पर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधाराची, सोय असते, पण ती प्रत्येकाच्या वाट्याला येतेच असं नाही. तुझ्याकडच्या त्या मोठ्या मुलाची अठरा जूनमध्ये पुरी होतायत, असं तू लिहिलंस. त्याचा खडक कुठला आहे ते आजच ठरव. बँकेत एकट्याने जाऊन पैसे काढणं. एका माणसाचा भात लावणं. चाळीस जणांच्या पंगतीत वाढलेल्या पोराला एक वाटी तांदळाला किती पाणी हे ठाऊक नसतं, मी स्वतः पाहिलंय. खोलीच्या मालकाशी बोलणं. तापात एकट्याने दवाखान्यात जाणं. आधार कार्ड आणि शाळेचा दाखला कुठे ठेवायचा, हरवला तर कुठे जायचं. रोज थोडं. पहिल्यांदा सोबत जा, दुसऱ्यांदा दाराबाहेर उभी राहा, तिसऱ्यांदा जाऊच नकोस.

फेर्न का झटत होती तेही लक्षात ठेव. हायटरने तिला वाचवलं ते योग्य केलं, असं त्याला मरताना वाटावं, आता ही पोर एकटी जगू शकेल म्हणून त्याचा जीव शांत व्हावा, म्हणून. मुलांच्या मनात हे ओझं असतं. ती बोलत नाहीत. त्या मुलाला एकदा स्पष्ट सांग की तू काहीही झालास, न झालास, तरी तू आमच्याकडे आलास हे चांगलंच झालं.

आता जे लिहायचं होतं, ते.

अंथरुणावरून हायटर फ्रीरेनला म्हणतो, फेर्नला आज रात्रीच घेऊन निघ. माझा मृत्यू तिने बघू नये, तिने आधीच खूप मरणं पाहिली आहेत. किती समंजस वाटतं ऐकायला! फ्रीरेन नाही म्हणते. मरण्याआधी पोरीचा नीट निरोप घे, जमतील तेवढ्या आठवणी तिच्यासाठी करून ठेव, असं सांगते. हिम्मेल गेल्यावर ही बाई त्याच्या अंत्यविधीत रडली होती, दहा वर्षं सोबत असून आपण त्याला जाणून घेतलं नाही म्हणून. तिला निरोपाची किंमत कळली ती अशी.

मी एकदा हायटरसारखाच समंजसपणा केला होता. पाच वर्षांचा असताना आलेला एक मुलगा, तेरा वर्षं माझ्या हाताखाली वाढलेला. त्याची अठरा झाली. पत्र्याची पेटी, त्यावर पांढऱ्या रंगात त्याने स्वतः रंगवलेलं नाव, एक पिशवी. त्या दिवशी मी जिल्ह्याच्या बैठकीचं निमित्त काढून सकाळी सहालाच निघून गेलो. बैठक दुपारी होती. स्वतःला सांगितलं, त्याला जड जाईल. जड मला जाणार होतं. संध्याकाळी आलो तेव्हा स्वयंपाकाच्या मावशींनी सांगितलं, पोरगं दोन तास फाटकाशी पेटीवर बसून होतं, 'सर येतील' म्हणत. शेवटची एसटी चुकेल म्हणून त्यांनीच त्याला उठवलं. त्याचा पत्ता पुढे लागला नाही. मी पुष्कळ शोधला.

तू जूनमध्ये रजा टाकू नकोस. त्याला स्टँडवर सोडायला तू जा. गाडी हलेपर्यंत थांब.

लहान मुलं विचारतील, 'आई कुठे गेली?' तुझ्या पत्रात तोही प्रश्न आहे. हायटर धर्मगुरू, तरी स्वर्ग आहेच असं तो छातीवर हात ठेवून सांगत नाही. नसला तरी असायला हवा, म्हणतो. जी माणसं जिवाच्या आकांताने जगली त्यांच्या वाट्याला शेवटी शून्य यावं हे त्याला पटत नाही, मग ती वर चैनीत आहेत असं मानलेलं काय वाईट? तेवढंच सांग. 'मला ठाऊक नाही रे, पण ती छान ठिकाणी असावी असं मला फार वाटतं.' यातला एकही शब्द खोटा नाही.

आणखी एक. शेवटाकडच्या जादूगारांच्या परीक्षेत फेर्नची जादूची काठी फुटते, लहानपणी हायटरने दिलेली. चुराडाच होतो. फ्रीरेन सहज म्हणते, नवी घे, आणि पोर रुसून बसते. मग फ्रीरेन ते तुकडे गोळा करून काठ्या दुरुस्त करणाऱ्या रिश्टरकडे नेते. तो आधी कचरा म्हणतो, तरी जोडून देतो. हायटरला जाऊन तोवर किती दिवस झालेले असतात.

म्हणून विचारतो, त्या मुलाची पेटी कुठली आहे? संस्थेची जुनी देऊ नका, कडी सैल असते. मी इथून एक पाठवतोय, परवा पार्सलने टाकेन. रंगाची छोटी डबी आणि ब्रश आत ठेवलाय. नाव त्यालाच लिहू दे.

तुझा,
सर