गॅलिलिओ या युरोपच्या, जीपीएससारखं ठिकाण दाखवणाऱ्या उपग्रहांचा खर्च युरोपातली सरकारं का करतात? खासगी कंपन्या का नाही?

कंपन्यांना सोबत घ्यायचा प्रयत्न झाला होता, तो फसला. उपग्रह उभारायच्या खर्चाचा मोठा वाटा त्या उचलतील, अशी मूळ योजना होती. पण अमेरिकेचं जीपीएस फुकट मिळत असताना गॅलिलिओसाठी पैसे कोण मोजणार? जोखीम कुणाच्या गळ्यात, यावर घोडं अडलं आणि 2007 मध्ये बोलणी मोडली. मग युरोपीय संघाने 2013 पर्यंतच्या कामासाठी सुमारे 3.4 अब्ज युरो सरकारी तिजोरीतून काढले. त्यात शेतीसाठी ठेवलेला, खर्च न झालेला पैसाही वळवला.

माझ्या मते हे योग्यच झालं. जीपीएस अमेरिकी लष्कराचं आहे. मे 2000 पर्यंत सामान्यांना मिळणारा सिग्नल मुद्दाम ढोबळ ठेवलेला असायचा. विमानं, बँका, मोबाइलची टॉवर्स अशा सिग्नलवर चालणार असतील, तर स्वतःची व्यवस्था हवीच.

एक गल्लत मात्र टाळा. गॅलिलिओची मालकी युरोपीय संघाची, उपग्रहांचं तांत्रिक काम ईसाचं, म्हणजे युरोपीय अंतराळ संस्थेचं, आणि ईसा ही संघाची संस्था नाही. म्हणूनच ब्रेक्झिटनंतर ब्रिटन ईसात राहिला, पण गॅलिलिओच्या सरकारी वापराच्या सुरक्षित सेवेला मुकला.