चकाकणारी गाठ आणि पोकळ बुंधा

या खेपेला झाडावर दोराने चढून छाटणी करणाऱ्यांची पत्रं बरीच आली, पण निम्म्यांत एकच प्रश्न होता : कुठली करवत घेऊ? त्याचं उत्तर देत नाही. धार लावायची सवय नसेल तर कुठलीही घ्या, दोन महिन्यांत सगळ्या सारख्याच बोथट होतात. बाकीच्यांतली पाच पत्रं इथे घेतली आहेत.

प्रश्न : मुख्य दोरावर सरकणारी आणि भार आला की आवळणारी ब्लेक गाठ बांधतो ती दोरी एका जागी काचेसारखी गुळगुळीत आणि कडक झाली आहे. कापलेली नाही, एकही धागा तुटलेला नाही. अजून एक हंगाम चालेल का?

उत्तर : नाही चालणार. तो कडकपणा म्हणजे वितळून पुन्हा गोठलेला धागा. ब्लेक गाठीत घर्षण एकाच जागी एकवटतं आणि जोरात खाली उतरलं की उष्णता तिथेच साठते. नायलॉन आणि पॉलिएस्टर साधारण २२० ते २६० अंश सेल्सिअसला वितळतात. डायनीमासारखा पॉलिथिलीनचा धागा तर १५० च्या आसपासच हात टेकतो, म्हणून तो कितीही मजबूत असला तरी घर्षणाच्या गाठीला वापरू नये. अरामिड, म्हणजे केव्हलारच्या जातीचा धागा, वितळत नाही, पण पुन्हापुन्हा वाकवणं आणि ऊन त्याला सोसत नाही.

मला हे समजलं ते बोटांना चटका बसल्यावर. चढायला लागून तीन-चार वर्षं झाली होती. पाऊस येताना दिसला आणि मी वीस मीटरवरून एका दमात खाली आले. गाठ सोडवायला गेले तर हात भाजला. आतल्या वेढ्यावर नखाएवढा चकचकीत डाग पडला होता. खरवडला तर कपचीसारखा निघून आला. उरलेलं झाड दुसऱ्या दिवशी झालं.

गाठीची दोरी बदलाल तेव्हा मुख्य दोरही तपासा, कारण गाठ जिच्यावर घासली ती जागा त्याच्यावरही आहे. हातमोजे काढा, दोर चिमटीतून हळूहळू सरकवा आणि वीतवीतभर अंतरावर वाकवून बघा. चांगला दोर सगळीकडे सारख्या गोलाईत वळतो. कुठे एकदम कोपरा पडला तर आतला गाभा गेलाय असं समजा; कुठे वळायलाच तयार नसेल तर तिथे तो भाजलाय. मी हे डोळे मिटून करते, कारण डोळे फक्त मळ बघतात. आणि एक : दोर गाडीत बॅटरीशेजारी ठेवू नका. आम्लाचा थेंब नायलॉन खातो आणि वरून काही दिसत नाही.

प्रश्न : मोठी फांदी कापली की झाडाचे मालक जखमेवर डांबर किंवा रंग फासायला सांगतात. नाही म्हटलं की मीच कामचुकार ठरतो. त्यांना काय सांगू?

उत्तर : आधी हे सांगा की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. आपल्या कातडीत मेलेल्या पेशींच्या जागी नव्या येतात. झाडाचं खराब झालेलं लाकूड जन्मभर तिथेच राहतं. झाड फक्त त्याला भिंत घालून कोंडतं आणि वरून नवं लाकूड चढवतं. अमेरिकी वनसेवेतल्या अॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडं चेनसॉने उभी चिरून हे पाहिलं आणि १९७७ मध्ये चार भिंतींचं चित्र मांडलं. पहिली भिंत वरखाली जाणाऱ्या नळ्या बुजवते. ती सगळ्यांत कच्ची, म्हणून कूज खोडात उभी लांबवर धावते. दुसरी आतल्या बाजूला रोखते, तिसरी आडवी पसरू देत नाही. चौथी जखम झाल्यावरच तयार होते आणि सगळ्यांत पक्की असते : जखमेच्या दिवशी जे लाकूड होतं ते एकीकडे, नंतर वाढलेलं दुसरीकडे.

या चारांपैकी एकाही भिंतीला रंगाची मदत होत नाही. उलट रंग तडकतो, तड्यांतून पाणी शिरतं, आत ओल धरून राहते आणि पुढच्या वेळी चढणाऱ्याला खाली काय चाललंय ते दिसत नाही. अपवाद एकच ठाऊक आहे : ज्या भागात ओक वृक्षांना मर रोग आहे, तिथे वाढीच्या दिवसांत ताज्या जखमेवर लगेच रंग लावतात, कारण रोग आणणारे भुंगे ओल्या जखमेच्या वासाने येतात. ते कूज थांबवायला नव्हे, भुंगा थांबवायला.

माझ्या कामाच्या खोलीत एक उभा चिरलेला ओंडका आहे. एकाच झाडाच्या दोन फांद्या, दोन वेगळ्या हातांनी कापलेल्या. एकीची कॉलर, म्हणजे फांदी खोडाला मिळते तिथला फुगवटा, शाबूत ठेवलेली. तिथे काळपट डाग फांदीच्या मुळाशी सुळक्यासारखा अडकून राहिलाय. दुसरी खोडाला सपाट घासून कापलेली. तिथून तपकिरी पट्टा हातभर खाली उतरलाय. हा ओंडका समोर ठेवला की मालक डांबराचं नाव काढत नाहीत. तुम्हीही एखादा जपून ठेवा.

मोठी फांदी तीन कापांत काढायची हे तुम्हाला माहीत असेलच. पहिला काप खालून, खोडापासून फूटभर लांब, पाव ते तिसरा हिस्सा खोल. दुसरा वरून, त्याच्या जरा पुढे, म्हणजे फांदी पडताना साल सोलून नेणार नाही. तिसरा काप उरलेल्या खुंटाचा, वरची सालीची सुरकुती आणि खालचा फुगवटा दोन्ही सोडून बाहेरून. दोन-तीन वर्षांनी तिथे परत जा. जखमेभोवती नव्या लाकडाची गोल कड सगळीकडून सारखी आली असेल तर काप बरोबर होता. कड फक्त दोन बाजूंना असेल आणि वरखाली उघडंच असेल, तर कॉलर कापली गेली.

प्रश्न : झाड उंच, पहिली फांदी फार वर. छाटणीसाठी काटेरी बूट एकदाच वापरले तर चालेल?

उत्तर : नाही. तीस पावलं म्हणजे सालीतून आरपार तीस भोकं, आणि वर सांगितलेल्या चार भिंती तीस वेळा. काटे फक्त पाडायच्या झाडावर, किंवा वर अडकलेल्या माणसाला उतरवायला. फेकदोरीचा, म्हणजे वजन बांधून फांदीवरून फेकायच्या बारीक दोरीचा, सराव करा. आणि दोर थेट फांदीवरून घेऊ नका. मध्ये फ्रिक्शन सेव्हर, म्हणजे फांदीवर बसणारा कड्यांचा पट्टा, टाका, झाडाची साल वाचते आणि तुमचा दोरही.

प्रश्न : बुंध्याशी घोड्याच्या खुरासारखी कडक अळंबी आली आहे. वर पानं मात्र हिरवीगार. चढू का?

उत्तर : हिरवी पानं एवढंच सांगतात की बाहेरच्या ताज्या लाकडातून पाणी वर जातंय. खोड किती भार पेलेल याचा त्यांना पत्ता नसतो. लाकडी हातोड्याने बुंध्याभोवती ठोकत फिरा, जिथे आवाज पोकळ होतो तिथे खडूने खूण करा. दोन मुळांच्या मधल्या खाचेत पातळ सळई घालून बघा, किती आत जाते. माती उचलली गेलीय का, ताजी भेग आहे का, तेही पाहा.

जर्मन संशोधक क्लाउस मॅटेक यांचा एक ठोकताळा बरेच जण तोंडपाठ म्हणतात : निरोगी लाकडाची जाडी त्रिज्येच्या ०.३ पट तरी हवी. ६० सेंटिमीटर व्यासाच्या खोडात त्रिज्या ३०, म्हणजे सगळीकडून किमान ९ सेंटिमीटर चांगलं लाकूड, साल सोडून. पण हा हिशोब बंद नळीसारख्या पोकळीसाठी आहे. ढोलीला तोंड फुटलं की तो लागू नाही, आणि मुळं कुजली असतील तर मुळीच नाही. तुमची अळंबी बुंध्याशी आहे, म्हणजे शंका मुळांवरच आहे. माझं उत्तर : चढू नका. बूम लिफ्ट, म्हणजे माणसाला वर उचलणारा यंत्राचा पाळणा, आणा, नाहीतर शेजारच्या धडधाकट झाडावर दोर टाकून काम करा.

प्रश्न : वरच्या दांड्याची छोटी चेनसॉ एका हाताने चालवतो, फांदी दुसऱ्या हाताने धरतो. सगळे असंच करतात.

उत्तर : सगळे करतात, म्हणूनच डाव्या हाताच्या जखमा इतक्या दिसतात. पट्टीचं टोक फांदीला लागून किकबॅक आला, म्हणजे करवत उसळून मागे आली, की करवत एका हातात आवरत नाही, आणि फांदी धरलेला हात नेमका तिच्या वाटेत असतो. कापताना दोन ठिकाणी बांधलेले असा, चढायचा दोर आणि लॅनयार्ड, म्हणजे कमरेचा आखूड दोर. लॅनयार्डमध्ये पोलादी तार असली तरी चालत्या साखळीपुढे ती फक्त थोडा वेळ मिळवून देते. फांदी हातात धरायचीच असेल तर ती मनगटाएवढीच असणार. तिला चेनसॉ सुरूच करू नका, ओढून कापणारी हातकरवत म्यानातून काढा.