गुलाबी बाहुली आणि गरम पाठ

प्रिय बाय,

नर्सिंगच्या मुलींसाठीच्या वंशभेदविरोधी प्रशिक्षणाचा तुझा मसुदा दोनदा वाचला. चाळीस स्लाइड म्हणजे मेहनत आहेच. पण एक विचारते, रागावू नकोस. हे लिहिताना खोलीत तुझ्याबरोबर कोण होतं? पहिल्याच पानावर 'सर्वसमावेशक' हा शब्द पाचदा आलाय, आणि प्रशिक्षण मात्र तू एकटीनं, दार लावून बसून तयार केलंयस.

हक्कानं बोलते, कारण मीही तेच केलं होतं. माझ्या एका स्लाइडवर लिहिलं होतं : 'आदिवासी रुग्ण लाजाळू असतात, शंका विचारत नाहीत.' खुर्च्या लावायला आलेली आमच्या वॉर्डातली आया दारात उभी राहून ऐकत होती. ती गावडा समाजाची. तास संपल्यावर पंखे बंद करता करता म्हणाली, "मॅडम, आमकां कोण विचारिना." गोव्यातले गावडा, कुणबी, वेळीप हे समाज २००३ साली अनुसूचित जमातींत आले, ही माहिती मी सालासकट दिली होती. जिच्याबरोबर वर्षानुवर्षं बेडशीट बदलल्या तिला एका शब्दानं विचारलं नव्हतं.

त्याआधीची एक गोष्ट अजून सलते. बांधकामावर परांचीवरून पडलेला एक ओडिया मजूर आमच्याकडे होता, पाठीवर निजवलेला, रंगानं चांगलाच काळा. मी रोज कूस वळवून पाठ बघायची आणि चार्टवर लिहायची, 'लालसरपणा नाही.' पुस्तकात बेडसोरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची, पहिली खूण लाली, दाबलं की जाते की नाही ते बघा, असं शिकलेलो. त्याच्या पाठीवर लाली दिसणार कशी? त्याच्यासोबत राहणारा गाववाला तेल चोळताना मला दोनदा म्हणाला, "सिस्टर, इधर गरम लगता है." मी "हां हां" म्हटलं आणि पुढच्या खाटेकडे गेले. पाचव्या दिवशी माकडहाडावरची कातडी फुटली.

काळ्या कातडीवर हात उलटा ठेवून ऊब बघायची, शेजारच्या जागेशी ताडून पाहायचं, बोटांनी घट्टपणा किंवा फोपशेपणा चाचपायचा, रुग्णाला दुखतं का विचारायचं, हे मी पुढे शिकले. माझ्याआधी ते त्या गाववाल्याला कळलं होतं. अशा माणसाला तुझ्या बैठकीत खुर्ची हवी.

म्हणून सुरुवात प्रवचनानं नको, हातापासून कर. पहिल्या वर्षाला त्वचा तपासायला शिकवतो ना आपण, त्याच तासाला हे घाल. कावीळ डोळ्यांच्या पांढऱ्यात, निळेपणा जिभेवर आणि ओठांच्या आतल्या बाजूला, फिकटपणा पापणीच्या आत. तुमच्या स्किल लॅबमधली ती सरावाची गुलाबी बाहुली बघितलीस? तिच्याभोवती उभ्या असलेल्या तीस मुलींपैकी एकीचाही रंग तसा नाही, आणि हे आजवर आपल्या कुणाच्या डोळ्यांत खुपलं नाही. फोटो इंटरनेटवरून उचलू नकोस. आपल्याच वॉर्डातले, लेखी संमतीनं आणि चेहरा न दाखवता काढ.

ऑक्सिमीटर आवर्जून घे. कोविडमध्ये आपण सगळ्यांनी तो बोटाला लावला आणि आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला. २०२० च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या मिशिगनच्या डॉक्टरांनी दाखवलं की यंत्र ९२ ते ९६ सांगत असताना रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षात ८८ च्या खाली असण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के होतं, तर कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के. यंत्राच्या मनात कसला आलाय द्वेष! कातडीतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य प्रकाश शोषतं आणि तेवढा हिशेब चुकतो. हे कळलं की मुली बचावात्मक होत नाहीत, कान टवकारतात.

त्याच वर्षी लंडनच्या सेंट जॉर्जेसमध्ये मेलोन मुक्वेंडे नावाच्या वैद्यकीय विद्यार्थ्यानं दोन शिक्षकांना सोबत घेऊन काळ्या आणि सावळ्या त्वचेवरच्या लक्षणांची पुस्तिका काढली. वर्गात तो विचारायचा, हे माझ्यासारख्या कातडीवर कसं दिसेल? प्रश्न विद्यार्थ्याचा, मागे उभे राहिले शिक्षक. तुझ्या वर्गातही असं कुणीतरी असेल, हात वर करायला घाबरत असेल इतकंच.

आता माणसं बोलावण्याबद्दल. आया, एक-दोन विद्यार्थिनी, परप्रांतीय मजुरांपैकी कुणी, जमलं तर इथे शिकणारा एखादा आफ्रिकी मुलगा. पण त्याला वर्गासमोर उभं करून 'आता तुमचा अनुभव सांगा' असलं काही करू नकोस. तो नमुना नव्हे, आणि अख्ख्या आफ्रिकेच्या वतीनं बोलायला बांधीलही नाही. या सगळ्यांना आधी मसुद्यावर बसवा. जे वाक्य खटकेल ते खोडायचा अधिकार द्या, आणि खोडलं की खरंच काढून टाका. बसभाडं आणि मानधन तुझ्या बजेटमध्ये पहिल्या ओळीत लिही. तज्ज्ञ डॉक्टरला पाकीट आणि आयेला चहा-सामोसा, हे मी बघितलंय. ते आठवलं की अजून डोकं फिरतं.

कुणीतरी म्हणेलच, वंशभेद तिकडचा, गोव्यात कुठला? वाद घालू नकोस. ड्युटीरूममध्ये आपण काय बोलतो ते आठवायला सांग. काळ्या माणसाला 'तो खाप्री', नाहीतर 'सात नंबरचा घाटी'. पोर्तुगिजांच्या काळात आफ्रिकेतून माणसं इथे गुलाम म्हणून आणली होती, त्या दिवसांची सावली अजून आपल्या तोंडी आहे. जातीचंही निघेल, निघू दे. पण ती चर्चा याच एका तासात कोंबू नकोस, तिला वेगळा दिवस हवा.

परीक्षा लेखी घेऊ नकोस, सगळ्या गोड गोड लिहितील. ओस्कीत, म्हणजे स्टेशनवार प्रात्यक्षिक परीक्षेत, एक स्टेशन ठेव, काळ्या पाठीचं, आणि हात कुठे जातो ते बघ.

पहिली बैठक मंगळवारी म्हणतेस, तर अकराच्या आधी नको. ती आया आता निवृत्त होऊन फोंड्याच्या पलीकडे राहते, दोन बस बदलून येणार आहे. मी कालच तिला फोन केला. आधी विचारलंन, "पयशे कोण दितलो?" म्हटलं, तू देणार आहेस.

तुझी,
मॅडम