इतर देशांतल्या छात्राध्यापकांना मुलाचा गणिती विचार जास्त चांगला कळतो का?

तुम्ही डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकांची पदविका) करताय, म्हणजे अजून छात्राध्यापक आहात, ५२ − २५ = ३३ लिहिणाऱ्या मुलाच्या डोक्यात काय चाललंय ते उमगत नाही, आणि हे बाहेरच्या देशांत कसं शिकवतात असं विचारताय. मी अध्यापक विद्यालयात गणित शिकवतो, त्यामुळे या ३३शी माझी जुनी ओळख आहे.

त्यापुढे छात्राध्यापकांचा ठरलेला शेरा असतो: 'हातचा विसरला.' हातचा विसरलेलं मूल ३७ लिहील, म्हणजे एककात बारातून पाच घालवेल आणि दशकातला एक कमी करायचा राहील. ३३ लिहिणारं मूल काहीच विसरलेलं नाही. वर-खाली न बघता ते प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतंय. त्याला ८१ − ४७ द्या, ४६ येणार. दोन्ही वह्यांवर शेरा एकच मारला, की उपायही एकच उरतो: पुन्हा समजावा आणि सराव द्या.

देशादेशांच्या तुलनेत गणितशिक्षणाच्या संशोधक लिपिंग मा यांचा १९९९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास फार गाजला. त्यात अमेरिकेतले २३ आणि चीनमधले ७२ प्राथमिक शिक्षक होते. ते छात्राध्यापक नव्हेत, वर्गावर शिकवणारे, तरी तुमच्या प्रश्नाला उपयोगी. पावणेदोन भागिले अर्धा यावर शाब्दिक उदाहरण तयार करा, असं त्यांना सांगितलं. चीनमधल्या ६५ जणांना बरोबर जमलं. अमेरिकेतल्या एकालाच, आणि तेही वर्गात वापरण्याजोगं नव्हतं. बऱ्याच जणांनी पावणेदोन वस्तू दोघांत वाटून टाकल्या, म्हणजे दोनने भागलं. गंमत अशी, की चिनी शिक्षकांचं शिक्षण नववीनंतर दोन-तीन वर्षांच्या अध्यापक शाळेपर्यंतच होतं. अमेरिकेतले पदवीधर होते. पावणेदोनात अर्धे किती बसतात, हे ज्याला स्वतःला दिसत नाही, तो मुलाच्या वहीत काय वाचणार?

तरी नुसतं गणित पक्कं असून भागत नाही. मला जपानची पद्धत आवडते. तिथल्या पाठ टाचणात (तासाच्या लेखी आराखड्यात) मुलांच्या अपेक्षित प्रतिसादांची वेगळी जागा असते, आणि तिथे चुकीची, अर्धवट, लांबच्या रस्त्याची उत्तरंही आधीच लिहायची असतात. मुलं गणित सोडवत असताना शिक्षक बाकांमधून फिरत कुणी कसं सोडवलंय ते टिपतो आणि फळ्यावर आधी कुणाची रीत घ्यायची ते ठरवतो. आपल्या टाचणात 'विद्यार्थी उत्तर देतात' एवढंच असतं, आणि ते उत्तर नेहमी बरोबरच असतं!

अनुभवाने हे आपोआप येतं का? थोडंफार. अमेरिकेत जेकब्स, लॅम्ब आणि फिलिप यांनी २०१० मध्ये १३१ जणांवरचा अभ्यास मांडला. त्यात भावी शिक्षकही होते. मुलाची रीत टिपणं आणि तिचा अर्थ लावणं वर्गावर काही वर्षं गेल्यावर सुधारतं, पण पुढे काय विचारायचं हे ठरवणं नुसत्या अनुभवाने येत नाही, असं त्यांना आढळलं.

मात्र 'अमक्या देशाला हे जमतं' म्हणताना जरा जपून. तैवान आणि जर्मनीच्या संशोधकांनी वर्गातले तेच प्रसंग दोन्हीकडच्या तज्ज्ञांपुढे ठेवले, तेव्हा शिक्षकाने मुलाच्या उत्तरावर काय करायला हवं होतं यावर तज्ज्ञांचंच सगळीकडे एकमत झालं नाही. तिथे छात्राध्यापकांना कुठल्या मोजपट्टीने मोजणार?

तुमच्या पुढच्या पाठाच्या टाचणात ५२ − २५ शेजारी २७, ३३ आणि ३७ तिन्ही लिहा, आणि प्रत्येकापुढे तुमचा पुढचा प्रश्न. ३७वाल्याला दहा काड्यांची जुडी हाताने सोडू द्या, मग वरचे पाच दशक आता किती राहिले ते विचारा. ३३वाल्याला विचारा, "बावन्न रुपयांतले पंचवीस खर्च केले, किती उरले?" पुष्कळदा तो तोंडी सत्तावीस सांगतो. मग वहीतलं ३३ आणि तोंडचं २७ शेजारी लिहून खडू त्याच्याच हातात द्या.